मशीनला रोज तारीख सांगायची

मला वाचवलं ते टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेल्या एका मॅडमनी. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगणार आहे त्यात राग जास्त आहे, आणि रागात बोलायला लागलं की ज्यानं हात दिला तो माणूस मागं मागं सरकत जातो. नाव घेणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. केजमध्ये एकट्या राहतात. केस बारीक कापलेले, चष्म्याच्या काचा जाड, खांद्याला कायम कापडी पिशवी. पहिल्या भेटीत मी त्यांना काकू म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी तुझ्या कुठल्याच काकाची बायको न्हाई." तेव्हापासून मॅडम.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं. गाड्या तोलायचे वजनकाटे बसवणाऱ्या एका टोळीबरोबर खड्डे खणत, काँक्रीट ओतत बरेच जिल्हे फिरलो. केजच्या पुढं हमरस्त्याला एक काटा बसवून टोळी निघाली तेव्हा काट्याच्या मालकानं विचारलं, राहतो का इथं? मी म्हणालो, हो जी. आणि राहिलो.

या "हो जी"वरून मला इथं सगळ्यांनी छळलं. आमच्याकडं मोठ्या माणसाशी तसंच बोलतात. इकडं ते ऐकलं की ट्रॅक्टरवाले खो खो हसायचे, एकमेकांना "हो जी, हो जी" करायचे. मीही हसायचो. हसायचो म्हणजे दात दाखवायचो. परमुलखात पोट भरायला आलेल्या माणसाला राग हा खिशात ठेवून फिरायचा असतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

मालकाला सगळे आबा म्हणतात. जमीनजुमल्याचा माणूस, बोलणं कमी, देवाचं फार. काटा म्हणजे आबांच्या लेखी मशीन नव्हे, न्यायाची जागा. सकाळी स्वतः येऊन लोखंडी पाटावर पाणी शिंपडायचे, उदबत्ती ओवाळायचे, मग मेन स्विच वर. दिवेलागणीला पुन्हा उदबत्ती, आणि मग काटा "निजवायचा". म्हणजे मेन स्विच खाली ओढायचा, वर इन्व्हर्टरची वायरसुद्धा हातानं सोडवायची. धर्मापुरीकडच्या त्यांच्या एका पाव्हण्याचा काटा विजेनं जळाला होता, तेव्हापासून हा नेम. एकदा काटा निजला की रस्त्यावर मंत्री येऊन उभा राहिला तरी वजन होणार नाही.

माझं काम केबिनमध्ये. गाडी पाटावर चढली की आकडा येतो, तो जुन्या कॉम्प्युटरमध्ये जातो, मी गाडीचा नंबर टाकायचा आणि पावती काढायची. माझ्या आधी जो पोरगा होता त्यानं जाताना मला शिकवून ठेवलं होतं की सकाळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजी येतं, ते वाचत बसायचं नाही, एफ-वन दाबायचा. मग मशीन तारीख विचारतं, ती सांगायची. आबा पाणी शिंपडणार, मी एफ-वन दाबून तारीख सांगणार. आबांना ते फार आवडायचं. आलेल्या माणसाला कौतुकानं सांगायचे, आमच्या मशीनला रोज सकाळी तिथीवार सांगावा लागतो, तेव्हा कुठं ते इमानानं तोलतं.

कॉम्प्युटर लई जुना. उडीद-मुगाच्या दिवसांत तो अडायला लागला. व्हायरस म्हणा, म्हातारपण म्हणा, मध्येच पडदा गोठायचा आणि पाटावर भरलेला ट्रॅक्टर भोंगा मारत उभा. नवा घ्यायचा म्हटलं तर काट्याची वायर ज्या जुन्या पद्धतीच्या खाचेत बसते ती खाच नव्या कॉम्प्युटरला नाही, असं दुकानदारानंच सांगितलं. बीडचा एक मेकॅनिक नुसता येतो येतो म्हणायचा.

अशाच एका दुपारी मॅडम आल्या. त्यांच्या वाट्याच्या शेतातले उडीद होते आणि पुतण्यांनी सांगितलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतः ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या. मी मशीनला चापट्या मारत होतो. त्या दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मारून ते शिकणार नाही. आत आल्या, मागच्या वायरी चाचपल्या आणि म्हणाल्या की आमच्या एक्सचेंजमध्ये याहून म्हातारी मशिनं कुरकुर न करता चालायची, कारण त्यांच्यात विंडोज नव्हतं, युनिक्स होतं. यातलं विंडोज काढून टाक. युनिक्सच्या घराण्यातली एक फुकटची सिस्टीम आहे, ती घालू. पावतीचा प्रोग्रॅम मी लिहून देते.

मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, सोयाबीन यायच्या आत होत असेल तर करा. तिथंच आबांचा पुतण्या बसला होता. पांढरे कपडे, मागंपुढं चार पोरं, पंचायत समितीला उभं राहायची तयारी. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काय बे हो-जी, नववी नापास तू. बिघडवलंस तर गावाकडच्या गाडीत बसवून देईन." मी नापास झालो नव्हतो, शाळा सोडली होती. ते बोललो नाही.

तर गोष्ट एवढीच होती. सोयाबीन यायच्या आत मशीन नीट चाललं तर मी राहणार, नाहीतर नोकरी जाणार, काट्यामागची पत्र्याची खोलीही जाणार. घरी आईला काय तोंड दाखवायचं, हा विचार डोक्यात सारखा.

मॅडमचे गुडघे दुखायचे आणि केजहून काट्याकडं येणाऱ्या जीपची पायरी उंच, म्हणून काम फोनवर. पद्धत अशी की त्यांना पडदा दिसत नाही, मला इंग्रजी कळत नाही. म्हणून मी एकेक अक्षर वाचायचं आणि त्यांनी ते तिकडं जुळवायचं. फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवलेला. मी ओरडायचो, एल, ओ, एन, जी. त्या म्हणायच्या, पुढं. रस्त्यावरून जाणारे ड्रायव्हर थांबून बघायचे, म्हणायचे, बालवाडी भरली का रे.

पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावला, तर मशीनला तो दिसलाच नाही. एवढं जुनं मशीन पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही, सीडीची डिस्क पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या. कोरी डिस्क आता कुठं मिळते? शेवटी लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत मिळाली, वर हळदी रंगाचा गणपती छापलेली. मॅडमनी घरी ती भरली आणि जीपवाल्याबरोबर पाठवली. ती लावली तर मशीन दोन ओळी बोलून थांबलं. मी अक्षरं वाचली. डिस्क नव्या मशीनची आहे, आपलं जुनं आहे, त्याला ती झेपत नाही, चूक माझी, असं त्या म्हणाल्या. चूक माझी, असं इतक्या सहज म्हणणारं माणूस मी या काट्यावर पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसरी डिस्क आली. ती चालली. पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या. पण पुढं ती म्हणे, सिस्टीम टाकायला जागाच दिसत नाही. आत मशीनची स्वतःची हार्ड डिस्क होती, जुनं विंडोज तिच्यावरच तर चालत होतं. मॅडमनी मला मशीनच्या अगदी तळाच्या निळ्या पडद्यात जायला लावलं. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबून धरायचं की तो उघडतो. तिथं हार्ड डिस्कच्या पुढं एक शब्द होता, आर, ए, आय, डी. तो बदलून दुसरा आणायचा, सेव्ह करायचं, बाहेर यायचं. आणलं. हार्ड डिस्क दिसली. सिस्टीम बसली. संध्याकाळच्या आत पावतीचा प्रोग्रॅमही चालला. रिकामा टेम्पो चढवून वजन केलं, पावती निघाली. आबांनी ती पावती देवाजवळ ठेवली. मी मॅडमना फोन केला आणि मला बोलताच येईना. त्या म्हणाल्या, रडतोस काय, जेव.

दिवेलागणीला आबांनी काटा निजवला.

सकाळी आबांनी पाणी शिंपडलं, मी एफ-वन दाबला, पांढऱ्या ओळी धावल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या. खाली एक अनोळखी शब्द, आणि पुढं लुकलुकणारी खूण. मी वाचला, एम, ओ, यू, एन, टी, आर, ओ, ओ, टी. मॅडम तिकडून म्हणाल्या, त्याला हार्ड डिस्क सापडत नाही. सेटिंग सेव्ह केलं नव्हतंस तू. मी म्हणालो केलं होतं. त्या म्हणाल्या, केलं असतंस तर असं झालं नसतं. सगळं पहिल्यापासून करायला लावलं. केलं. दिवसभर मशीन गुणानं चाललं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच शब्द.

पुढच्या दिवसांत सोयाबीन सुरू झालं. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची रांग, आणि आमचं मशीन सकाळी मेलेलं. आमच्या समोर थोडं पुढं दुसऱ्याचा काटा आहे. रांगेतले ट्रॅक्टर आमच्या डोळ्यांदेखत वळून तिकडं जायचे. नंतर मॅडमच्या लक्षात आलं की सगळं पुन्हा टाकायची गरज नाही, निळ्या पडद्यात जाऊन तो शब्द बदलला की चालू होतं. पण मी आत जाऊन बघायचो तर आदल्या दिवशी बदललेला शब्द पुन्हा होता तसा, आर, ए, आय, डी. जसा काय मी कधी हात लावलाच नाही.

मॅडम चिडल्या. एका सकाळी फोन स्पीकरवर असताना त्या म्हणाल्या, "सेटिंग आपोआप बदलत नसतं. रात्रीतनं कुणीतरी हात लावतंय मशीनला."

पुतण्या दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

त्याचं तोंड मला आजही दिसतं. राग आला नव्हता त्याला, आनंद झाला होता. तो आबांकडं वळून म्हणाला, "आबा, रात्री हितं कोण असतंय? ह्योच. समोरच्या काट्यावाल्यानं फितवलाय ह्याला. दिवसा चालू, सकाळी बंद, आन् गिऱ्हाईक सगळं तिकडं. कावून होतंय ते आता कळलं का?"

मी आबांकडं बघितलं. आबा उदबत्तीची राख झटकत होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. न्यायाची जागा म्हणून रोज जिला हात जोडतो, तिथंच उभा राहून हा माणूस गप्प बसला. मला पुतण्याचा जितका राग आला त्याहून जास्त त्या गप्प बसण्याचा आला. वर्षानुवर्षं मी त्यांचा काटा झाडला, पाटाखालच्या खड्ड्यात उतरून गाळ काढला, तापात असताना पावत्या काढल्या. एक शब्द बोलले असते तर काय गेलं असतं?

आणि मी? माझ्या तोंडून काय निघालं असेल? "नाही जी." एवढंच. पोरं हसली. पुतण्यानं मला उद्या सकाळी सामान बांधून ठेवायला सांगितलं. उद्या मशीन पुन्हा मेलं तर स्टँडवर सोडून येतो, आणि समोरच्याकडून काय काय घेतलंस तेही सगळ्यांसमोर वदवून घेतो, असंही म्हणाला. वदवून घेतो म्हणताना त्यानं बाही वर सरकवली. मला मार खायची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही की चोर म्हणून गेलो तर कुठल्याच काट्यावर कुणी उभं करणार नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

मी मॅडमना फोन लावला. आधी मला त्यांचाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्यांच्याच एका वाक्यानं मी फासावर गेलो होतो. ते मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाशी चढ्या आवाजात बोललो आणि शेवटी "जी" लावलं नाही. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, मी येते. काटा उघडायच्या आधी येते. मी येईपर्यंत कुणी काही चालू करायचं नाही, आबांनाही सांग.

सकाळी पहिल्या जीपनं त्या आल्या. ड्रायव्हरनं हात धरून उतरवलं. रांगेतले ट्रॅक्टरवाले होतेच, पुतण्या त्याच्या पोरांसह होता, माझी पिशवी खोलीच्या दारात भरून ठेवलेली. मॅडमनी कुणालाही नमस्कार केला नाही. केबिनमध्ये माझ्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, रोज उघडतोस तसं उघड. काही जास्त नको, काही कमी नको.

आबांनी पाणी शिंपडलं. उदबत्ती ओवाळली. मेन स्विच वर. मी मशीनचं बटण दाबलं, काळा पडदा आला, मी सवयीनं एफ-वन दाबला.

"आत्ता काय दाबलंस?" मॅडम म्हणाल्या.

"एफ-वन."

"कावून?"

"रोजच दाबतो. उघडताना."

"रोज? आन् मला कधी सांगितलं न्हाईस ते?"

मी म्हणालो की त्यात सांगण्यासारखं काय, ते तर काटा उघडण्यातलं आहे. आबा पाणी शिंपडतात, मी एफ-वन दाबतो, मशीनला तारीख सांगतो. बिघाड त्याच्या नंतर सुरू होतो. मी त्यांना अक्षरं वाचून दाखवायचो ती बिघाडाची. एफ-वनच्या आधीच्या ओळीही बिघाडाच्याच आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला काय, माझ्या आधीच्या पोरालाही नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, बंद कर, मेन स्विच खाली घ्या, पुन्हा वर घ्या, आणि या वेळी कुणी काही दाबायचं नाही. काळा पडदा आला. बारीक अक्षर मॅडमना दिसेना, म्हणून मी एकेक अक्षर वाचायला लागलो. पाठीमागं पोरं खुसखुसत होती, एकजण "बालवाडी, बालवाडी" म्हणाला. मॅडम मागं न वळता म्हणाल्या, "ज्याला येतंय त्यानं पुढं येऊन वाचावं." कुणी पुढं आलं नाही. पुतण्याही नाही.

अक्षरं जुळली. मॅडमनी ती मराठीत सगळ्यांना मोठ्यानं सांगितली. मशीन म्हणतंय, माझी बॅटरी मेली आहे, मी सगळं विसरलोय, काय करू ते सांगा. मशीनच्या पोटात एक वाटोळी छोटी बॅटरी असते. वीज नसताना तारीख आणि निळ्या पडद्यातली सेटिंगं ती लक्षात ठेवते. ती मेली की वीज आहे तोवर मशीनला आठवतं, वीज पूर्ण तुटली की विसरतं. दिवसा लाइट गेली तर इन्व्हर्टर असतो. पण संध्याकाळी मेन स्विच खाली, इन्व्हर्टरची वायरही सोडलेली. रोज सकाळी मशीन कोरं, सेटिंग कंपनीतून आलं तसं, आर, ए, आय, डी. जुन्या विंडोजला ते कोरं सेटिंग चालायचं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. तारीख तेवढी विसरायचं, ती हा सांगायचा. युनिक्सला ते सेटिंग चालत नाही.

पुतण्या म्हणाला, "हे तुमी म्हणता. ह्यानंच रात्री बदललं न्हाई कशावरून?"

मॅडम उठल्या. मला बाहेर जाऊन रस्त्यापलीकडं बाभळीखाली उभं राहायला सांगितलं. मी गेलो. पुढचं मी तिथून बघितलं, आणि काही नंतर ड्रायव्हरांनी सांगितलं. त्यांनी पुतण्याच्याच हातानं निळ्या पडद्यातला शब्द बदलून घेतला, सेव्ह करून घेतला. मशीन सुरू होऊन पार वजनापर्यंत आलं. मग आबांना म्हणाल्या, संध्याकाळी करता तसं करा. आबांनी स्विच खाली ओढला, वायर सोडवली. सगळ्यांनी चहा घेतला. मला बाभळीखाली कुणी आणून दिला नाही. पुन्हा स्विच वर, पुन्हा काळा पडदा, पुन्हा बॅटरीची रड. पुतण्याला निळा पडदा उघडून बघायला लावलं. आर, ए, आय, डी.

रांगेतला एक म्हातारा ट्रॅक्टरवाला मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आबा, फितूर तुमचाच हात हाय की."

ते ऐकून आबांचं तोंड पडलं. मला बोलावण्यात आलं. एका ड्रायव्हरनं मोटारसायकलवर जाऊन केजच्या स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडून तशीच बॅटरी आणली. मॅडमनी झाकण उघडलं, त्यांना आत नीट दिसेना, म्हणून माझं बोट धरून कुठं दाबायचं ते दाखवलं. जुनी टुणकन उडाली, नवी बसवली. शेवटचं एकदा सेटिंग केलं, तारीखही तिथंच घातली. स्विच खाली, स्विच वर. एफ-वन मागितला नाही. पांढऱ्या ओळी सरसर गेल्या, कुठं थांबल्या नाहीत, आणि पावतीवर आजची तारीख आली. मी न सांगता.

आता माझा राग सांगतो, कारण तो अजून गेलेला नाही.

मी फितूर आहे असं वाटलं तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं गेलं. आबांच्या हातून होत होतं हे कळलं तेव्हा सगळे म्हणाले, बॅटरीचा दोष. पुतण्या तर त्याच दुपारी कपिलधारचं दर्शन करून आलेल्या लोकांना सांगत होता की त्यानंच बाईंना बोलावून मशीन दुरुस्त करून घेतलं. माझ्याकडं बघून त्यानं डोळा मारला. जसे काय आम्ही दोघं त्यात सामील होतो. आबा म्हणाले, "पिशवी आत ठेव, गाड्या खोळंबल्यात." बस. एवढ्यात त्यांच्या हिशेबी सगळं मिटलं. मी पिशवी आत ठेवली आणि पावत्या काढायला बसलो. पहिल्या पावतीवर गाडीचा नंबर दोनदा चुकला.

आबा सकाळी अजूनही पाणी शिंपडतात आणि मग माझ्याकडं बघतात, मी तारीख सांगण्याची वाट बघत. मी सांगत नाही. मशीनला माहीत आहे, म्हणतो. त्यांना ते लागतं, मला दिसतं. लागू दे. मी इतका वाईट माणूस नव्हतो, पण लागू दे.

मॅडम त्या दिवशी निघाल्या तेव्हा मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, "रात्री कुणी हात लावतंय, हे माझं बोलणं चुकलं. न बघता बोलले. पुन्हा असं न्हाई बोलणार." माझी माफी मागितली ती त्यांनी, ज्यांचं सगळ्यात कमी चुकलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, गुडघ्याला धक्का लागेल, सरळ उभा राहा.

त्यानंतर मी गावाकडं निघून जायचं दोनतीनदा मनात आणलं. गेलो नाही. चोर म्हणून जायचं नव्हतं, आणि चोर नाही हे ठरल्यावर रागावून जायची ऐपत नव्हती. आता संध्याकाळी काटा निजला की मी मॅडमकडं जातो. त्या मला ती काळ्या पडद्यावरची अक्षरं अर्थासकट शिकवतात. चुकलो की फटकारतात. पुतण्याची माणसं आता गावात त्यांच्याबद्दल बोलायला लागली आहेत. म्हातारी नसत्या ठिकाणी नाक खुपसते, एकटी बाई, डोकं फिरलंय. शेताच्या वाट्यावरून त्यांचे स्वतःचे पुतणेही तेच बोलतात. मी ते ऐकतो. पूर्वी ऐकून दात दाखवले असते. आता दाखवत नाही.

मॅडम, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही आणि मी वाचून दाखवायला धजावणार नाही. पण एक ना एक दिवस तुमच्या दारात कुणीतरी तुम्हाला खोटं ठरवायला येणार, हे मला दिसतंय. त्या दिवशी पहिल्या जीपनं मी येईन. कुणालाही नमस्कार करणार नाही, कुणाचं "हो जी" करणार नाही, आणि आलेली माणसं उठून गेल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. तुमचं फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही. हे मात्र फेडीन.